जुनें लुगडें आणि नवें दुपटें

वस्त्रांचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे, तो बहुधा नव्या वस्त्रांचा इतिहास आहे. पैठणच्या मागावर जर कशी चढत असे, इरकली लुगड्याचे कांठ कोणत्या रंगाचे असत, सुरतेच्या बंदरांतून कोणतें कापड कोणत्या देशास जात असे, याविषयीं अभ्यासकांनीं पुष्कळ परिश्रम केले आहेत, आणि ते योग्यच आहेत. परंतु लुगडें एकदां दुकानांतून घरीं आलें म्हणजे व्यापाऱ्याच्या वहींतील त्याची नोंद संपते, आणि त्याबरोबर इतिहासकाराची नजरही त्यावरून निघून जाते. वस्तुतः त्या लुगड्याचें आयुष्य तेथून सुरू होतें. तें विटल्यावर, विरल्यावर, फाटल्यावर कोणाच्या हातीं गेलें आणि त्या हातांनीं त्याचें काय केलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांत कांहीं पिढ्यांपूर्वींपर्यंत लुगड्याच्या आयुष्याचा क्रम जवळजवळ ठरलेला असे. नऊवारी लुगडें मधोमध विरूं लागलें म्हणजे विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून त्याला दंड घालावयाचा. दंडाचें लुगडें घरांत नेसण्यास आणखी कांहीं काळ चाले. पुढें तेंही काम देईनासें झालें म्हणजे त्याच्या धड भागांतून मुलीचा परकर निघे, पदराची उशीला खोळ होई, आणि धुऊन धुऊन सर्वांत मऊ झालेला भाग घरांत येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या दुपट्याकरितां बाजूला ठेवला जाई. उरे तें गोधडींत जाई. गोधडीही फाटली म्हणजे तिचीं फडकीं होत, आणि फडक्यांचीं पोतेरीं. मराठींत चिंधी, चिरगूट, पटकूर, लक्तर, ठिगळ, बोळा, फडकें, पोतेरें असे जे शब्द आहेत, त्यांना पर्यायशब्द मानणें चूक होईल. एका लांब उतरणीच्या त्या पायऱ्या आहेत. ज्या समाजानें जुन्या कापडाकरितां एवढे शब्द राखले, त्यानें तें कापड सहजासहजीं फेकलें नसेल, हें उघड आहे.

ही दृष्टि फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकांत पांसुकूल म्हणून जें वस्त्र सांगितलें आहे, तें उकिरड्यावर आणि स्मशानांत टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून केलेलें असे. त्याच ग्रंथांत पुढें अशी कथा आहे, कीं दक्षिणागिरीकडे जातांना भगवान बुद्धांनीं मगध देशांतील बांध घातलेलीं भातखाचरें पाहिलीं, आणि अशा आकृतीचें चीवर करतां येईल काय, असें आनंदास विचारलें. आनंदानें लहानमोठे तुकडे खाचरांसारखे जोडून तसें चीवर करून दाखविलें. कापून जोडलेल्या वस्त्राचा कोणास लोभ सुटत नाहीं, हाही त्यांतील एक हेतु होता.

याहून बोधप्रद गोष्ट बुद्धांच्या निर्वाणानंतरची आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनीं आनंदास पांचशें वस्त्रें दिलीं. एवढ्या वस्त्रांचा हा भिक्षु व्यापार मांडणार आहे कीं काय, अशी राजास शंका आली, आणि त्यानें आनंदास विचारलें, कीं इतक्या वस्त्रांचें आपण करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत अशा भिक्षूंना तीं वांटून देऊं. आणि त्या जीर्ण चीवरांचें? त्यांचे पलंगपोस करूं. जुन्या पलंगपोसांचें? त्यांच्या गाद्यांच्या खोळी करूं. याप्रमाणें खोळींचीं बिछायतें, बिछायतांचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचीं झाडण्याचीं फडकीं, आणि फडक्यांच्या चिंध्या करून त्या चिखलांत मळून भूमि सारवूं, असें उत्तर त्यानें शेवटपर्यंत दिलें. राजा संतुष्ट झाला व त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. राजाला जो प्रश्न पडला, तो इतिहासकारालाही पडावयास हवा होता. आनंदानें सांगितलेली उतरण आणि आपल्या आजीच्या घरची उतरण यांत फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें हेतूंत. भिक्षूची चिंधी विरक्तीची होती. गृहिणीची चिंधी आसक्तीची होती. ती कोणातरी आपल्या माणसासाठीं शिवली जात असे.

शिवणाची कलाही या देशास परकी नाहीं. हडप्पा संस्कृतीच्या वसाहतींत तांब्याच्या व कांशाच्या सुया सांपडल्या आहेत. महाराष्ट्रांत नेवासें येथें १९५४ ते १९५६ या वर्षांत डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या देखरेखीखालीं जें उत्खनन झालें, त्यांत एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि त्या मण्यांत दोऱ्याचा अंश टिकून राहिलेला आढळला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या भूमींत कोणीतरी सूत कांतून तें आपल्या मुलाच्या गळ्यांत घातलें होतें. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांतील ३२ व्या सूक्तांत राका या पौर्णिमेच्या देवतेची प्रार्थना आहे. तिनें न तुटणाऱ्या सुईनें आपलें काम शिवावें आणि पराक्रमी पुत्र द्यावा, अशी दोन्ही मागणीं तेथें एकाच ऋचेंत शेजारीं शेजारीं आलीं आहेत. सुई आणि अपत्य यांचें हें साहचर्य पुढें आपल्या बाळंतविड्यांत कसें उतरलें, तें लवकरच दिसेल.

पण येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. नवें कापड बेतून शिवणें हा शिंप्याचा व्यवसाय. संत नामदेव याच कुळांतले. शिंपी मजुरी घेई, आणि राजवाड्याच्या जामदारखान्यापासून गांवच्या पेठेपर्यंत त्याच्या कामाचा हिशेब राही. जुनें कापड मात्र बहुधा शिंप्याकडे जात नसे. तें घरांतल्या बायकांचें काम. त्याला मजुरी नव्हती, आणि मजुरी नव्हती म्हणून हिशेब नव्हता, आणि हिशेब नव्हता म्हणून दफ्तर नव्हतें. गोधडीचा इतिहास लिहिला गेला नाहीं याचें कारण ती क्षुद्र वस्तु होती हें नव्हे. तिच्या मागचे श्रम कोणी कधीं मोजले नाहींत, हें आहे.

ते श्रम थोडे नव्हते. गोधडी शिवावयाची ती सुगी उरकल्यावर, पावसाळ्यापूर्वींच्या कोरड्या दिवसांत. सारवलेल्या अंगणांत धुतलेलें लुगडें ताणून पसरावयाचें आणि वाऱ्यानें हलूं नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे. त्यावर जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे असे मांडावयाचे, कीं कोठें उंचवटा येऊं नये आणि कोठें पोकळ राहूं नये. त्यावर पुन्हां एक लुगडें. मग दोघीतिघी बाजूंनीं बसून जाड दोऱ्यानें धांवदोरा घालीत. कोठें कडेपासून आंत चौकोनामागून चौकोन, तर कोठें सरळ ओळी. हे टांके केवळ शोभेसाठीं नसत. थर एकमेकांवरून सरकूं नयेत आणि थरांमध्यें कोंडलेली हवा ऊब धरून ठेवावी, हें त्यांचें काम. चोळी बेतल्यावर उरलेल्या खणाच्या चिंध्यांचे त्रिकोण मात्र निव्वळ हौसेनें लावलेले असत. एवढ्या जुनाटांत तेवढीच हौस मावत असे.

आपल्या शेजाऱ्यांकडेही हीच विद्या निराळ्या रूपानें आहे. ज्या सिद्दी लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेंतून पश्चिम किनाऱ्यावर आणलें गेलें, आणि ज्यांच्यापैकीं कांहीं गोव्यांतील गुलामगिरींतून निसटून उत्तर कानड्याच्या रानांत स्थायिक झाले, त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून टांके घालीत त्या मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचीं ‘फुलें’ बसविल्याखेरीज कवंदी पुरी झाली असें मानीत नाहींत. बंगालच्या ‘कांथे’ची कीर्ति तर सर्वत्र पसरली आहे. तेथील स्त्रिया जुन्या साड्यांच्या कांठांतून रंगीत सूत काढून त्याच सुतानें जुन्या वस्त्रांवर कमळें, पालख्या आणि हत्ती भरीत. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सरकारी अधिकाऱ्यानें खेडोपाडीं हिंडून त्या गोळा केल्या. स्टेला क्रामरिश या विदुषींनीं १९३९ सालीं त्यांवर विवेचक निबंध लिहिला. दत्तांच्या संग्रहांत मानदासुंदरी नांवाच्या स्त्रीची एक कांथा आहे. ती आपण स्वहस्तें आपल्या वडिलांसाठीं केली, असें तिनें टांक्यांनींच त्या वस्त्रावर लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या घरांत बायकांच्या हातीं लेखणी क्वचितच जाई, त्या काळांतली ही सुईनें केलेली सही आहे.

आमच्याकडे अशी सही बहुधा आढळत नाहीं. पण देणगी तीच आहे. बाळंतविडा उघडून पाहावा. कुंची, अंगडें, टोपडें, दुपटें, लंगोट, आणि पाळण्यावर टांगावयाचें चिमणाळें. यांपैकीं पुष्कळशा वस्तु आजी, आत्या, मावशी यांनीं घरांतल्या जुन्या वस्त्रांतून शिवलेल्या असत. याचें व्यावहारिक कारण सोपें आहे. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोंचते. शंभरदां धुतलेलें सुती लुगडें टोंचत नाहीं. परंतु एवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं. ज्या काळीं जन्मलेलें मूल वर्ष पुरें करील कीं नाहीं याची कोणास खात्री नसे, ज्या काळीं दृष्ट लागूं नये म्हणून मुलांना धोंडू, दगडू अशीं नांवें ठेवीत, त्या काळीं ऐंशी पावसाळे पाहिलेल्या पणजीच्या लुगड्यांत बाळाला गुंडाळण्यास अर्थ होता. जी जगली तिच्या वस्त्रानें ज्याला जगावयाचें आहे त्याला वेढावें, अशी ती मुकी प्रार्थना होती. बाळाच्या अंगावर कोरें कापड घालण्याची ऐपत असलेल्या घरांतूनही हें दुपटें शिवलें जाई, यावरून तें केवळ दारिद्र्याचें चिन्ह नव्हतें, हें सिद्ध होतें.

सर्वच जुनीं वस्त्रें मात्र या वाटेनें जात नसत. दुपारच्या वेळीं डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारीं येणारी बोहारीण ही दुसरी वाट होती. जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यांत ती भांडें देई, आणि एका पातेल्याकरितां तास तास घासाघीस चाले. तिनें नेलेले कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारांत जात आणि ज्यांना नवें घेणें परवडत नसे त्यांच्या अंगावर चढत. गृहिणीच्या मनांत या दोन वाटांची निवड स्पष्ट असे. ज्या वस्त्राशीं आठवण जडलेली नाहीं तें बोहारणीला. ज्याच्याशीं ती जडली आहे तें गोधडीला. बोहारणीच्या श्रमांचीही नोंद इतिहासांत नाहीं, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. आमच्या माळ्यावरची अडगळ आणि दुसऱ्याची लाज यांमधलें अंतर ती रोज पायांनीं तुडवीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या व्यवस्थेचा पायाच हलला. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी उभारण्यास आरंभ केला व १८५६ सालीं ती चालूं लागली. मँचेस्टरचें कापड तर आधींपासून येतच होतें. हातमागाच्या काळांत वस्त्र महाग होतें, म्हणून ठिगळाची लाज कोणास फारशी नव्हती. वस्त्र जसें स्वस्त होत गेलें, तसें ठिगळ हें गरिबीचें निशाण बनलें. गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) जाणूनबुजून चिंध्या जोडलेला वेष धारण केला, आणि लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणूं लागले. ज्या वेषाकडे पाहून समाज नाक मुरडूं लागला होता, तोच वेष घालून त्या समाजाला स्वच्छता आणि समता शिकविणें, हा त्यांचा उपदेशाचाच एक भाग होता.

याच सुमारास शिवणाचा दुसरा अर्थही उदयास आला. १८५१ सालीं अमेरिकेंत आयझॅक सिंगर यांनीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, आणि कांहीं दशकांतच तें यंत्र आपल्या शहरांत येऊन पोंचलें. १९०९ सालीं पुण्यास सुरू झालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांकरितां शिवणाचे वर्ग चालविले. ज्या विधवेच्या सुईला घरांत फुकटचें काम होतें, तिला त्याच सुईवर स्वतःचें पोट भरतां येईल, ही कल्पना त्या काळीं लहान नव्हती. घरच्या मायेचें शिवण आणि बाहेरच्या मजुरीचें शिवण यांची तुलना करतांना पहिल्याचेंच गोडवे गाणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

पुढें १९२१ सालीं जुन्या कापडाविषयीं या देशांत एक विलक्षण वाद झाला. ३१ जुलै रोजीं मुंबईस परळ येथें महात्मा गांधींच्या उपस्थितींत परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. त्यांचे स्नेही दीनबंधु अँड्र्यूज यांना तें रुचलें नाहीं. लोक उघडे असतांना वस्त्रें जाळणें त्यांना क्रौर्य वाटलें, आणि त्यांनीं तसें पत्र लिहिलें. गांधींनीं तें आपल्या पत्रांत छापून त्याला उत्तर दिलें. आपल्याला जें नकोसें झालें तें गरिबाच्या अंगावर टाकणें ही दया नव्हे, गरिबाला वस्त्राचें दान नको, काम हवें, असा त्यांच्या त्या वेळच्या लेखनाचा रोख होता. त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं मदुरेस त्यांनीं स्वतः पंचा नेसण्याचा निश्चय केला.

या वादांत कोणाचा पक्ष बरोबर, हें येथें ठरवावयाचें नाहीं. परंतु त्यांतून आपल्या विषयावर मोठा प्रकाश पडतो. जुनें वस्त्र देणें आणि जुन्या वस्त्राचें कांहीं करून देणें, या दोन अगदीं भिन्न क्रिया आहेत. पहिलींत देणारा आपल्यावरचा भार उतरवितो. दुसरींत तो आपला वेळ आणि आपली दृष्टि त्या वस्त्रांत घालतो. विटलेलें लुगडें जसेंच्या तसें सुनेच्या हातीं दिलें तर तो अपमान होईल. त्याचेंच दुपटें करून तिच्या बाळाच्या अंगाखालीं घातलें तर तो आशीर्वाद होतो. कापड तेंच आहे. मध्यें चार दिवसांचे टांके आले, एवढाच फरक. आमच्या लोककथेंतील द्रौपदीचें वर्मही येथेंच आहे. श्रीकृष्णाच्या बोटांतून रक्त वाहूं लागलें तेव्हां सुभद्रेला भारी वस्त्रांच्या पसाऱ्यांत फाडण्याजोगें कांहीं दिसेना. द्रौपदीनें अंगावरचा पीतांबर फाडून चिंधी बांधली. पहिलीच्या लेखीं चिंधी हें टाकाऊ वस्त्र होतें; दुसरीला तें देऊं केलेलें वस्त्र वाटलें.

महायुद्धाच्या काळांत ज्यांना ही विद्या कधींच विसरलों असें वाटत होतें, त्यांनाही ती आठवावी लागली. इंग्लंडांत १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आलें, माणशीं वर्षाला ६६ कुपनें ठरलीं, आणि १९४३ सालीं तेथील सरकारनें जुन्या कपड्यांची डागडुजी कशी करावी याची पुस्तिकाच काढली. ज्या देशाच्या गिरण्यांनीं जगाला स्वस्त कापडाची संवय लाविली, त्याच देशाच्या सरकारला नागरिकांना ठिगळ लावावयास शिकवावें लागलें! त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. आमच्या बायकांना पुस्तिकेची गरज पडली नाहीं. ट्रंकेंतील जुनीं लुगडीं पुन्हां बाहेर आलीं, इतकेंच.

आज काळ पुन्हां पालटला आहे. कापड एवढें स्वस्त आणि एवढें मुबलक झालें आहे, कीं कपडा विरण्यापूर्वींच टाकला जातो. त्याच वेळीं गोधडी मात्र प्रदर्शनांतून व दुकानांतून दिसूं लागली आहे, आणि बचतगटांतील स्त्रिया ती शिवून विकतात. यास नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. ज्या श्रमांना शतकानुशतकें दाम नव्हता त्यांना तो मिळत असेल तर आनंदच मानला पाहिजे, मात्र तो शिवणारणीच्या हातीं पुरेसा पडतो कीं मधल्या दलालाच्या, एवढें पाहिलें पाहिजे. आणि जुन्या दिवसांकडे पाहतांनाही डोळे उघडे ठेवावे. त्या काटकसरींत माया होती तशी सक्तीही होती. घरांतल्या पुरुषाला नवें धोतर आणि बाईला दंडाचें लुगडें, हा न्याय कितीतरी घरांत चालत आला आहे. पोरीबाळींची नजर आणि म्हाताऱ्यांचीं बोटें त्या टांक्यांत झिजलीं आहेत. गोधडीचा इतिहास लिहावयाचा तर तिची ऊब सांगावी तशी ही झीजही सांगावी.

तो इतिहास लिहिण्याचें साधन मात्र दिवसेंदिवस नाहींसें होत आहे. राजाचें फर्मान दफ्तरांत राहतें. गोधडी अंगाखालीं झिजते आणि शेवटीं पोतेरें होऊन जाते. तिच्यांतला कोणता तुकडा कोणाचा, हें सांगणारी म्हातारी गेली म्हणजे उरतें तें नुसतें कापड. हिरवें ठिगळ आत्याच्या लग्नांतल्या शालूचें, निळें काकांच्या शाळेंतल्या सदऱ्याचें, पांढरें आजोबांच्या शेवटच्या धोतराचें. ही वंशावळ कोणत्याही कुळवृत्तांतांत छापलेली नसते. म्हणून ज्यांच्या घरांत अशी एखादी गोधडी अजून असेल, त्यांनीं ती धुवावयास टाकण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील बाईला तिच्याजवळ बसवावें आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावें. आणि यापुढें जी कोणी बाळासाठीं जुन्या लुगड्याचें दुपटें शिवील, तिनें मानदासुंदरीप्रमाणें एका कोपऱ्यांत दोन नांवें टांक्यांनीं घालावीं: लुगडें कोणाचें, आणि हात कोणाचा.